उलट्या शेपटीची खूण

दुपारी अडीचच्या सुमाराला कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला, तेव्हा काकू मागच्या खोलीत चहा गाळत होत्या. धडधडत त्याने पत्र्याची भिंत हलवली, दोन-तीन मिनिटं दम काढला आणि शेवटी फुस्स करून गप्प झाला. तोवर काकू हातात गाळणी धरून तशाच उभ्या होत्या. तो थांबल्यावर हळूच म्हणाल्या, "झालं? घ्या आता चहा."

घेणारं कुणी नव्हतं. काकूंच्या यजमानांना, मिस्त्रींना, जाऊन चौदा महिने झाले होते. टायरचं दुकान तेव्हापासून बंदच होतं. पुढचं शटर अर्धं वर, अर्धं खाली, आत टायरांची चळत, आणि मागे काकूंच्या दोन खोल्या. कॉम्प्रेसरच्या टाकीतून कुठेतरी हवा गळायची. दाब उतरला की यंत्र स्वतःच सुरू होऊन टाकी पुन्हा भरायचं. पन्नास वर्षं या दुकानात काढलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. तरी त्यांनी एवढ्या दिवसांत भिंतीवरचा खटका बंद केला नव्हता. दिवसातून चार-पाच वेळा तो धडधडायचा, आणि काकूंना वाटायचं, हे दुकानात आहेत, कुणाच्या तरी चाकात हवा भरताहेत.

चहाचे दोन कप भरायची सवयही गेली नव्हती. दुसरा कप त्या तसाच ओट्यावर ठेवायच्या आणि संध्याकाळी ओतून द्यायच्या.

त्यांनी पहिला घोट घेतला आणि तेवढ्यात रस्त्यावरून तो आवाज आला.

घशात खाकरल्यासारखा, खालच्या पट्टीतला. वळणावर गिअर उतरवताना एक उचकी, मग पुन्हा खाकरणं. काकूंनी कप खाली ठेवला. हा आवाज त्यांनी तेहतीस वर्षांपूर्वी शेवटचा ऐकला होता. त्या दिवशी तो घाटाच्या दिशेने लांब लांब गेला होता आणि परत आला नव्हता.

आज तो दुकानासमोर येऊन थांबला.

"काकू! आहात का घरात?"

शटरखालून वाकून एक उंच माणूस आत आला. दाढीत पांढरे केस, हातात गाडीची किल्ली. काकूंनी चष्मा सारखा केला. डोळे बापाचे होते, बाकी सगळा अनोळखी.

"भिंगरी?"

"अहो काकू, छत्तीस वर्षांचा झालोय मी. भिंगरी काय!"

"मग काय म्हणू? साहेब?"

तो हसला, पण मोकळा हसला नाही. त्यांच्या धाकट्या दिराचा हा मुलगा. अडीच वर्षांचा असताना या दुकानात नट-बोल्टांमध्ये गरागरा फिरायचा, म्हणून भिंगरी. नंतर त्याच्या आईने त्याला घेऊन हे घर सोडलं ते कायमचं.

"काका गेल्याचं कळलं होतं," तो म्हणाला. "यायला जमलं नाही." मग जरा थांबून, "खरं सांगू? आईने येऊ दिलं नाही."

"आज कसं येऊ दिलं?"

"आज तिला विचारलंच नाही. मागच्या चाकात हवा कमी वाटतेय आणि घाट चढायच्या आधी दुसरं दुकान नाही. तिला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय, पलीकडे. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. गाडीत बसलीय ती. उतरणार नाही म्हणाली."

काकू शटरपर्यंत गेल्या. बाहेर उन्हात ती गाडी उभी होती. दोनच माणसांची, बिनटपाची, गुडघ्याएवढी बुटकी. तेव्हा लाल होती, आता राखी होती. पण बसण्याची ढब तीच, उडी मारायच्या आधी मांजर बसतं तशी. अपघातानंतर दरीतून काढलेला सांगाडा धाकट्या जावेच्या भावाने गोठ्यात टाकून ठेवल्याचं काकूंच्या कानावर होतं. या मुलाने तो पुन्हा माणसात आणला होता. आणि चालकाशेजारच्या जागेवर, डोक्याला रुमाल बांधून, काळा चष्मा लावून धाकटी बसली होती. तोंड समोरच्या रस्त्याकडे. काकूंची चाहूल लागूनही मान वळली नाही.

"चार वर्षं लागली," पुतण्या अभिमानाने म्हणाला. "एकेक भाग शोधून आणला. आईला म्हटलं, बाबांच्या गाडीतून तुला घाटापलीकडे सुखरूप नेतो, म्हणजे तुझ्या मनातलं भूत एकदाचं उतरेल."

काकूंनी नळी ओढत आणली. हवा भरता भरता त्यांचा डावा हात सवयीने टायरच्या पाठीवरून फिरला. रुंद, काळंभोर, खोल नक्षीचं टायर.

"किती चालवलीस?"

"झाले असतील नऊ-दहा हजार किलोमीटर. टायर मस्त आहेत. हे बघा." त्याने खिशातून नाणं काढून नक्षीच्या खाचेत उभं केलं. नाणं चांगलं अर्धं बुडालं. "काकाच असं बघायचे ना?"

काकू त्या नाण्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशीही असंच बुडालं होतं. याच चाकाला. मागच्या उजव्या.

"नाणं बाहेरच्या अंगाला बुडतं," त्या म्हणाल्या. "आतलं कोण बघणार?"

"आत-बाहेर एकच टायर आहे, काकू."

"गोणपाट आण तो. त्या खुंटीवरचा."

"कशाला?"

"आण म्हटलं की आणावं."

त्याने आणून अंथरला, आणि काकू एका हाताने गाडीचा आधार घेत खाली बसल्या आणि सरळ जमिनीवर आडव्या झाल्या, तेव्हा तो घाबरलाच. "अहो, काय करताय? चौऱ्याहत्तरीत लोळायचं वय आहे का हे? मी बघतो, उठा!"

"तुला बघता येतं, चाचपता येत नाही. गप्प राहा."

मिस्त्री म्हणायचे, टायर बदलायची वेळ डोळ्यांना सगळ्यात शेवटी कळते. या असल्या बुटक्या, जोरात पळणाऱ्या गाड्यांची चाकं पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी असतात. वरून आत झुकलेली, खाली बाहेर फेकलेली. सगळा भार आतल्या कडेवर येतो. रबर मऊ, त्यामुळे झिजतंही भराभर. उभ्या माणसाला बाहेरचं नवंकोरं अंग दिसतं आणि आतलं संपून गेलेलं असतं. म्हणून या दुकानाचा एक नेम होता. घाटावर जाणाऱ्या गाडीचं प्रत्येक चाक गोणपाटावर आडवं होऊन आतून हाताने चाचपायचं, आणि मगच बाहेरच्या अंगाला पिवळ्या मेणखडूने बरोबरची खूण करायची. चार चाकं, चार खुणा. आजूबाजूचे चालक खूण असल्याशिवाय घाट चढत नसत.

काकूंनी हात आत घातला. चार बोटं नक्षी लागली. मग नक्षी उथळ होत गेली. मग काहीच नाही, टकलासारखं गुळगुळीत. अजून बोटभर आत सरकल्या आणि काहीतरी टोचलं.

हात बाहेर काढला तेव्हा बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता.

"तार बाहेर आलीय," त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या. "ही गाडी घाटावर जायची नाही."

पुतण्याने त्यांना हात देऊन उठवलं. त्याचा चेहरा मघापेक्षा ताठ झाला होता. "एवढासा तुकडा असेल कुठेतरी. हळू नेईन. संध्याकाळी सहापर्यंत आईला दाखल करायचंय, काकू."

"हळू नेलीस म्हणून तार आत जाणार आहे का?"

"तुमचा सल्ला मी घ्यावा असं वाटतं तुम्हाला?" आता त्याचा आवाज चढला. "याच दुकानाने माझ्या बापाला बरोबर म्हणून पाठवलं होतं. चारही चाकांवर खूण करून. तेव्हा का नाही तुमच्या मिस्त्रींनी आत हात घातला? आणि आज तुम्ही मला चाकं शिकवता?"

गाडीत बसलेल्या धाकटीने मान किंचित खाली घातली. तिला सगळं ऐकू येत होतं; गाडीला टपच नव्हता.

काकू शटरला टेकून उभ्या राहिल्या. तेहतीस वर्षं एक वाक्य त्यांनी जिभेखाली ठेवलं होतं. मिस्त्रींच्या शेवटच्या आजारपणातही, त्यांच्या उशाशी बसून, ते तीनदा तोंडापर्यंत आलं आणि तीनदा गिळलं गेलं. आता हा मुलगा किल्ली बोटात फिरवत उभा होता. बापासारखीच. वाक्य पुन्हा गिळलं, तर तो पाच मिनिटांत वळणाआड जाणार होता.

"ती खूण त्यांची नव्हती," काकू म्हणाल्या. "माझी होती."

किल्ली फिरायची थांबली.

"त्या दिवशी सकाळी यांचं बोट पहारीखाली सापडलं. उजव्या हाताचं. टाके घालायला दवाखान्यात गेले होते. तुझा बाप आला. सगळा गाव त्याला सुसाट म्हणायचा, तुला माहीत असेल. म्हणाला, 'वहिनी, दादा कधी येणार आणि मी कधी पोचणार? तुमच्या हातची खूण काय कमी पिवळी असते का?' मी म्हटलं, 'भाऊजी, जरा थांबा.' थांबणार कोण? मी ठेवणीतले कपडे घातले होते. फिकट निळे. माझ्या बहिणीकडे जायचं होतं मला. गोणपाट होता तिथे, याच खुंटीवर. ग्रीस लागलेला." त्यांनी बोटावरचं रक्त पुसलं. "मी आडवी झाले नाही. नाणं घालून बघितलं, चांगलं बुडालं, आणि चारही चाकांवर खुणा केल्या. कपड्यांना डाग पडेल म्हणून, भिंगरी. एवढंच कारण होतं. वर घाटात पाऊस झाला होता. मागचं उजवं चाक आतल्या बाजूने फाटलं."

मग पुतण्या हळू, पण कडवट आवाजात म्हणाला, "काका गेले, आता त्यांचं नाव धुऊन काढताय. मला सगळं माहीत आहे. चौकशीला अधिकारी आला तेव्हा काकांनी टायर हातात घेऊन बघितलं आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं, खूण माझी. आईने ऐकलंय ते."

"मीही ऐकलंय. दाराआड उभी राहून. मला वाटलं, दुखण्याच्या गुंगीत यांचा घोटाळा झाला, आधीच्या खेपेची खूण आठवली यांना. आणि मी गप्प बसले. सोपं होतं ना!"

"कशावरून विश्वास ठेवू?"

"ते टायर आहे अजून. चल."

आतल्या अंधाऱ्या बाजूला, सगळ्या चळतींच्या मागे, एका मोठ्या खिळ्याला ते एकटंच टांगलेलं होतं. मिस्त्रींनीच चौकशीनंतर मागून आणलं होतं आणि तोंड भिंतीकडे करून टांगलं होतं. प्रायश्चित्त म्हणून टांगलं असेल, असं काकू समजत आल्या होत्या. तिथे झाडू मारतानाही त्या नजर खाली ठेवायच्या. पुतण्याने ते उतरवलं, उजेडात आणलं, फडक्याने धूळ पुसली. आतली कड चिंध्या झालेली. बाहेरच्या अंगावर मात्र मेणखडूची पिवळी खूण अजून तशीच होती.

"घ्या," तो म्हणाला. "ही तुमची म्हणता?"

काकूंनी खिडकीतला खडू डाव्या हातात घेतला आणि शेजारच्या टायरवर खूण केली. डावरं माणूस करतं तशी झाली ती. लांब शेपूट डावीकडे गेलेली. फाटलेल्या टायरवरच्या खुणेचीही शेपूट डावीकडेच होती.

"बघ."

पुतण्या चळतीकडे वळला. दहा-बारा जुनी टायरं होती, सगळ्यांवर मिस्त्रींच्या खुणा. त्याने एकेकावर बोट ठेवलं. "हीसुद्धा डावीकडे. ही पण. हीही. काकाही अशीच खूण करायचे, काकू. तुमच्या दुकानातल्या सगळ्या खुणा अशाच आहेत. कुणाला फसवताय?"

खरंच होतं ते. मिस्त्रींच्या खुणा उलट्या पडायच्या, यावर चालक लोक थट्टाही करायचे: मिस्त्री, तुमची खूण आरशात बघून करता काय? मिस्त्री बोट दाखवायचे. टाके पडल्यापासून हात असाच वळतो, म्हणायचे. काकूंनीही ते खरंच मानलं होतं. टाके पडल्यापासून.

टाके पडल्यापासून.

"त्याच्या आधी…" त्यांचा आवाज आपोआप बारीक झाला. "आधी सरळ करायचे ते. उजवीकडे."

"आधीचं टायर आहे का एखादं?"

"तेहतीस वर्षांचं टायर कोण ठेवेल?" असं म्हणता म्हणता काकू मागच्या खोलीच्या दाराकडे चालू लागल्या. त्या दाराची चौकट मिस्त्रींनी कधी रंगवू दिली नव्हती. सगळं घर तीनदा रंगलं, ती तेवढी राहिली. रोज दहा वेळा तिथून जाणं-येणं. रोजची गोष्ट कोण बघतं! काकू खाली वाकल्या आणि फडक्याने लाकडावरची काजळी पुसली.

कमरेच्याही खाली, एकावर एक, पिवळ्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेपुढे बरोबरची खूण.

"हे काय आहे?" पुतण्याने विचारलं.

"तू आहेस," काकू म्हणाल्या. "तुझी उंची. दर महिन्याला इथे उभं करायचे तुला आणि पास झाला म्हणून खूण करायचे. तू टाचा उंच करायचास. ही शेवटची. त्याच्या आदल्या आठवड्यातली."

तो गुडघ्यावर बसला. बारा-पंधरा खुणा होत्या. सगळ्यांची शेपूट उजवीकडे गेलेली, सरळ, ठसठशीत.

काकू चौकटीला धरून उभ्या राहिल्या. म्हणजे त्या अधिकाऱ्यासमोर टायर हातात घेतलं त्याच क्षणी यांनी ओळखलं होतं. बायकोचा डावा हात ओळखला, दाराआड ती उभी आहे हेही ओळखलं असेल, आणि "माझी" म्हणाले. पुढे कुणी ताडून बघू नये म्हणून त्या दिवसापासून स्वतःची खूण उलटी केली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. प्रत्येक चाकावर, प्रत्येक गाडीवर, बत्तीस वर्षं. आणि घरात एका शब्दाने बोलले नाहीत. आपण सांगू म्हणून वाट बघत असतील का? त्या शेवटच्या दिवसांत, आपण तीनदा गिळलं तेव्हा, ते डोळे मिटून ऐकायला तयार पडले होते का?

"ताई."

मागून आवाज आला. धाकटी शटरखालून आत आली होती, हात पुढे करून, टायरांना चाचपत. "मला दिसत नाही नीट. कुठे आहे ते?"

पुतण्याने तिचा हात धरून चौकटीवर ठेवला. तिने पिवळ्या मेणावरून बोट फिरवलं, खालून वर. मग फाटलेल्या टायरवर. मग पुन्हा चौकटीवर. काळा चष्मा तिने काढला नाही.

"मी दादांना नाही नाही ते बोलले," ती म्हणाली. "याच दारात. ते मान खाली घालून ऐकत होते. आणि तुम्ही आत होतात."

"हो."

"आणि तुम्ही ऐकत राहिलात."

"हो गं."

काकूंना वाटलं, आता ही ओरडेल, मारेलसुद्धा. मारलं असतं तर बरं झालं असतं. धाकटीने चौकटीवरचा हात काढून घेतला. मग मुलाकडे वळून म्हणाली, "एखाद्या जीपवाल्याला फोन कर. त्या गाडीत मी बसत नाही. तूही बसायचं नाहीस. चारही टायरं नवी घातल्याशिवाय इथून हलवायची नाही ती."

"करतो," तो म्हणाला.

"तोवर मी इथे बसते. तुमच्याशी बोलायला बसतेय असं नाही, ताई."

"नको बोलूस. स्टूल घे."

धाकटी स्टुलावर टेकली. फोन लावून पुतण्या बाहेर गेला, खडू घेऊन. चारही चाकांवर त्याने फुल्या मारल्या. काकूंनी आतून पाहिलं; मागच्या उजव्या चाकावर त्याने फुली दोनदा मारली.

"चहा आहे का?" धाकटीने भिंतीकडे बघत विचारलं.

"एक कप आहे. गार झालाय. नवा टाकते."

"गारच द्या."

काकूंनी ओट्यावरचा दुसरा कप आणून तिच्या हातात दिला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तो कुणीतरी प्यायलं.

तेवढ्यात कॉम्प्रेसर पुन्हा धडधडायला लागला. धाकटी दचकली, चहा थोडा सांडला. "कोण आहे आत?"

"कुणी नाही," काकू म्हणाल्या. "हवा गळते."

पुतण्या आत आला. साबणाचं पाणी कुठे असतं ते त्याने विचारलं नाही. कोपऱ्यातला डबा बरोबर शोधला, ब्रश बुडवून नळीच्या सांध्या-सांध्यावर फिरवला. टाकीच्या मागच्या सांध्यावर फेसाचा एक फुगा आला, मोठा झाला, फुटला, पुन्हा आला.

"सापडलं," तो म्हणाला. "दोन आटे आवळले की बंद. पाना द्या काकू."

काकूंनी फळीवरचा पाना काढला. मिस्त्रींच्या हाताने मूठ गुळगुळीत झालेला. पण लगेच पुढे केला नाही.

"थांब जरा. एवढा दम काढू दे त्यांना."

तो थांबला. तिघंही थांबली. पत्र्याची भिंत थरथरत राहिली, दाबाचा काटा वर सरकत गेला, आणि शेवटी फुस्स करून सगळं शांत झालं.

"आता आवळ," काकू म्हणाल्या आणि पाना त्याच्या हातात दिला.